घर भाड्याने देताना : विश्वासू भाडेकरूची पारख

तालुक्याच्या गावी बदली होऊन आलेल्या शिक्षकास, तलाठ्यास किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेस पहिल्याच आठवड्यात भेडसावणारा प्रश्न म्हणजे राहत्या जागेचा. त्याच गावात, कदाचित त्याच आळीत, एखाद्या सेवानिवृत्त कर्मचाऱ्याने भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून बांधलेला वरचा मजला कुलूप लावून ठेवलेला असतो. जागा हवी असणारा आणि जागा असणारा असे दोघेही एकाच गावात असताना त्यांची गाठ पडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा भाड्याच्या रकमेत नसून अविश्वासात असते. "एकदा आत आलेला माणूस बाहेर निघेल कशावरून ?" हा प्रश्न घरमालकाच्या मनातून जात नाही.

ही भीती निराधार नाही; परंतु तिच्यावर घर रिकामे ठेवणे हाच एक उपाय आहे असेही नाही. भाडेकरूची निवड पद्धतशीरपणे केली, कराराची नोंदणी केली आणि व्यवहार कागदावर ठेवला तर बहुतेक तंटे उद्भवण्यापूर्वीच टळतात. ही निवड कशी करावी, तिच्या मर्यादा कोणत्या आणि कायद्याचे साहाय्य कोठे मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भीतीचे मूळ

घरमालकांच्या मनातील धास्तीला मोठा इतिहास आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ अन्वये प्रमाण भाडे ठरविताना १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे आधारभूत धरले गेले. महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात भाडेकरूंना त्यामुळे मोठे संरक्षण लाभले. मात्र पुढे पन्नास वर्षे महागाई वाढत गेली तरी भाडे जागच्या जागीच राहिले. घर परत मिळत नाही आणि भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च भागत नाही, असा अनुभव आल्याने अनेकांनी भाडेकरूऐवजी 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीने जागा देण्यास प्रारंभ केला. १९७३ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा रीतीने राहत असलेल्या व्यक्ती भाडेकरू मानल्या गेल्या. त्या घटनेची आठवण जुन्या घरमालकांच्या कुटुंबांतून अद्याप पुसली गेलेली नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात प्रमाण भाडे गोठविणाऱ्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्याचे मत व्यक्त केले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ संमत झाला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. तोपर्यंत राज्याच्या तीन भागांत तीन वेगळे कायदे चालत होते : पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबईचा कायदा, विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा. त्या सर्वांची जागा या एका अधिनियमाने घेतली.

कायदा बदलला, पण समजूत बदलली नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. केंद्र शासनाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने याकडे लक्ष वेधले. रिकाम्या घरांच्या संख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे असल्याचेही त्यात नमूद होते. अहवालाने संभाव्य कारणे सांगताना करार अंमलात आणण्यातील दुबळेपणाचाही उल्लेख केला होता.

आजची कायदेशीर स्थिती

घर देण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. भाडेपट्ट्याने दिलेल्या जागेत भाडेकरूचा हितसंबंध निर्माण होतो. लिव्ह अँड लायसन्स करारात मात्र केवळ ठराविक मुदतीपर्यंत जागा वापरण्याची परवानगी असते. मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. ही संकल्पना १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मधून आलेली आहे. राहण्यासाठी जागा देणारे बहुतेक लोक आज हाच मार्ग स्वीकारतात. कायद्याच्या भाषेत अशी जागा घेणारा 'अनुज्ञप्तिधारक' असला तरी लोकव्यवहारात त्यालाही भाडेकरूच म्हणतात व या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

१९९९ च्या अधिनियमाचे कलम २४ या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राहण्यासाठी परवानगीने दिलेली जागा मुदत संपल्यावर परत केली नाही, तर घरमालकास दिवाणी न्यायालयाच्या दीर्घ वाटेने न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर जागा अडवून धरणाऱ्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. लेखी करारात नमूद केलेल्या गोष्टींचा तो करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो.

कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर करारातील अटींविषयी वाद झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" ही सार्वत्रिक समजूत म्हणूनच चुकीची आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करणाऱ्या नोंदणी अधिनियम, १९०८ मधून ती आली. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमानंतर तिला आधार उरलेला नाही.

हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. आपले गाव त्यात येते किंवा नाही, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. ज्या गावांना तो लागू नाही तेथील भाडेपट्टे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे चालतात. तेथेही लेखी व नोंदणीकृत करार करणेच शहाणपणाचे होय.

पारख कशाची करावी ?

भाडेकरूची पारख म्हणजे त्याच्या स्वभावाची परीक्षा नव्हे. घरमालकाला चार गोष्टी समजल्या म्हणजे पुरे : येणारी व्यक्ती स्वतःविषयी सांगते तीच आहे काय, ठरलेले भाडे ती नियमितपणे देऊ शकेल काय, जागेचा वापर सांगितल्याप्रमाणेच करील काय, आणि मुदत संपल्यावर जागा सोडील काय.

ओळख : छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि त्या पत्त्यावरील एखाद्या नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा. मूळ कागद डोळ्यांनी पाहावा आणि मगच त्याची प्रत ठेवावी. आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दर्शविणारी प्रत मिळण्याची सोय आहे. माहितीपुरते तेवढे पुरते.

भाडे देण्याची क्षमता : भाडे मासिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून फार अधिक असू नये, असा एक व्यवहारी आडाखा आहे. नोकरदाराच्या बाबतीत वेतनपत्रक किंवा नेमणुकीचा आदेश पुरेसा होतो. शेतकरी, कारागीर, फेरीवाला किंवा रिक्षाचालक यांच्याकडे वेतनपत्रक नसते. पण म्हणून त्यांचे उत्पन्न नाही असे होत नाही. त्यांच्या बाबतीत बँकेचे पासबुक, मागील भाड्याच्या पावत्या आणि वीजबिल वेळेवर भरल्याची नोंद हा अधिक बोलका पुरावा असतो. दोन वर्षे नेमाने भाडे भरणारा शिंपी हा वेतनपत्रक असूनही कर्जाच्या हप्त्यांनी वाकलेल्या नोकरदारापेक्षा अधिक भरवशाचा ठरू शकतो.

मागील वास्तव्य : पूर्वीच्या घरमालकाशी बोलणे हा चौकशीतील सर्वांत उपयोगी भाग होय. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सध्याच्या घरमालकास भाडेकरू नकोसा झाला असेल तर ब्याद टळावी म्हणून तो त्याची स्तुतीच करील. यासाठी शक्य असल्यास त्याआधीच्या घरमालकासही विचारावे. प्रश्न मोघम नसावेत. "माणूस कसा आहे ?" याचे उत्तर "चांगला आहे" असेच येते. त्याऐवजी भाडे कोणत्या तारखेस मिळत असे, जागा सोडताना पूर्वसूचना दिली होती काय, अनामत रकमेतून काही कापावे लागले काय, पुन्हा जागा देण्याची वेळ आली तर द्याल काय, असे नेमके प्रश्न विचारावेत.

वापर व मुदत : किती माणसे राहणार, घरात काही व्यवसाय चालणार काय, वाहन कोठे उभे राहणार, जागा किती काळ हवी आहे, या गोष्टी आधीच स्पष्ट झाल्या पाहिजेत.

हे सर्व प्रश्न एका कागदावर लिहून काढावेत आणि जागा पाहण्यास येणाऱ्या प्रत्येकास तेच विचारावेत. आपल्या अटी जागा दाखविण्यापूर्वीच ठरवून ठेवाव्यात. अटी पूर्ण करणारे एकाहून अधिक असतील तर ज्याने कागदपत्रे आधी पूर्ण केली त्याला जागा द्यावी. या शिस्तीमुळे निवडीत लहर राहत नाही आणि ज्यास नकार मिळतो त्यालाही त्याचे कारण सांगता येते.

नकाराची मर्यादा

घर कोणास द्यावे हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा आहे. परंतु तो अमर्याद नाही. गावोगावी जागा नाकारली जाते ती पुष्कळदा भाडे देण्याच्या असमर्थतेमुळे नव्हे, तर आडनाव ऐकल्यानंतर. नाव, गाव विचारून झाल्यावर "जागा कालच गेली" असे उत्तर मिळालेले अनेक सुशिक्षित कर्मचारी आजही आहेत. शाळेत मुलांना समतेचा धडा शिकविणाऱ्या शिक्षकास संध्याकाळी त्याच गावात जागा मिळू नये, ही गोष्ट त्या गावाला भूषणावह नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ मध्ये 'बहिष्कार' या संज्ञेचे जे स्पष्टीकरण दिले आहे, त्यात घर भाड्याने देण्यास नकार देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून अंमलात असून त्यानुसार एखाद्या कुटुंबास वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ च्या केंद्रीय कायद्याने, तसेच तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्याने जागा भाड्याने देण्याच्या बाबतीत भेदभावास मनाई केली आहे.

कायद्याची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही जात, धर्म, प्रांत वा भाषा यांवरून कोण भाडे वेळेवर देईल हे कळत नाही. एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीला, विधवेला किंवा अविवाहित तरुणाला सरसकट नकार देणे हेही याच जातीचे आहे. अशा नकारातून घरमालकाला सुरक्षितता लाभत नाही; केवळ चांगले भाडेकरू त्याच्या दारातून परत जातात.

एक उदाहरण

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांना वरच्या मजल्यावरील दोन खोल्या द्यावयाच्या आहेत. भाडे दरमहा ६,००० रुपये व अनामत १८,००० रुपये. तिघेजण जागा पाहण्यास येतात.

पहिला गृहस्थ मोटारीने येतो. आपण एका कंपनीत अधिकारी आहोत असे सांगतो, भाव करीत नाही, उलट अकरा महिन्यांचे भाडे एकरकमी रोख देऊ करतो. किल्ली मात्र त्यास आजच हवी असते. ओळखपत्र व नेमणुकीचा कागद "पुढच्या आठवड्यात" मिळणार असतो आणि नोंदणीचा खटाटोप कशाला, असे तो सुचवितो. दुसरी जिल्हा परिषद शाळेत नव्याने नेमणूक झालेली शिक्षिका आहे. ती दुसऱ्या जिल्ह्यातील असून एकटीच राहणार आहे. पूर्वी कोठे भाड्याने राहिलेली नाही, पण नेमणुकीचा आदेश जवळ आहे. तिसरा बाजारपेठेत दुकान असलेला शिंपी. घरी पत्नी व दोन मुले. उत्पन्न मोसमाप्रमाणे कमीजास्त होते, पण सरासरी अठरा ते वीस हजारांच्या घरात जाते. एकाच घरात तो सहा वर्षे राहिला असून ते घर पाडून नवे बांधावयाचे असल्याने त्याला जागा सोडावी लागत आहे. सहा वर्षांच्या पावत्या त्याने जपून ठेवल्या आहेत.

वरकरणी पाहता पहिला उमेदवार सर्वांत सोयीचा वाटतो. शेजारीही तसाच सल्ला देतात. एकट्या बाईला आणि लेकुरवाळ्या कुटुंबाला जागा देऊ नये, असे त्यांचे मत. परंतु आधी ठरविलेल्या कसोट्या लावल्या म्हणजे चित्र उलटे होते. पहिल्याची ओळख, उत्पन्न व मागील वास्तव्य यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. त्याचा घाईचा आग्रह, मोठी रोख रक्कम आणि नोंदणीस टाळाटाळ ही तिन्ही लक्षणे एकत्र येतात तेव्हा थांबणेच इष्ट. शिक्षिकेच्या नेमणुकीची खात्री शाळेत एक दूरध्वनी करून होते. शिंप्याच्या जुन्या घरमालकाशी बोलल्यावर भाडे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत असे आणि जागा मोकळी करण्याविषयी त्याने कोणताही वाद घातला नाही, असे समजते. ६,००० रुपये भाडे त्याच्या सरासरी उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आतबाहेर आहे.

म्हणजे दोघेही पात्र ठरतात. शिंप्याने कागदपत्रे दोन दिवस आधी पूर्ण केली असल्याने जागा त्याला मिळते. मुख्याध्यापक शिक्षिकेस कारण सांगतात आणि जागा रिकामी असलेल्या आपल्या एका परिचित कुटुंबाचा पत्ता देतात. एका बंद घराचे दार त्यामुळे उघडण्याची शक्यता निर्माण होते.

करार, नोंदणी व पोलिसांना माहिती

करारात दोन्ही पक्षांची नावे व पत्ते, जागेचे वर्णन, मुदत, भाडे व ते देण्याची तारीख, अनामत रक्कम व ती परत करण्याची रीत, वीज व पाणी यांचा खर्च, दुरुस्तीची जबाबदारी, पूर्वसूचनेचा काळ आणि पोटभाडेकरू न ठेवण्याची अट या गोष्टी असाव्यात. तोंडी ठरलेली अट कितीही किरकोळ वाटली तरी लिहून काढावी.

लिव्ह अँड लायसन्स करारावरील मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का या दराने आकारले जाते. वरील उदाहरणात ते दोनशे रुपयांच्या आसपास येते. नोंदणी शुल्क व इतर खर्च धरला तरी एकूण रक्कम एका महिन्याच्या भाड्याहून कमीच राहते. नोंदणी व मुद्रांक विभागाने घरबसल्या संगणकावरून अशा करारांची नोंदणी करण्याची सोय उपलब्ध करून दिली आहे.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास देण्याविषयी पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी यांचे आदेश जेथे लागू असतात, तेथे ती देणे बंधनकारक असते. इतरत्रही ती देणे हिताचे होय. परंतु माहिती दिली म्हणजे पोलिसांनी भाडेकरूच्या चारित्र्याची हमी घेतली, असे समजू नये; घरमालकाची स्वतःची चौकशी त्यामुळे अनावश्यक ठरत नाही. परदेशी नागरिकास जागा दिल्यास विहित नमुन्यातील माहिती २४ तासांच्या आत कळवावी लागते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका असेल तर संस्थेला कराराची प्रत द्यावी. सभासद स्वतः राहत नसल्याबद्दल आकारावयाचे शुल्क सेवा आकाराच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे.

भाडेकरूची बाजू

विश्वास एकतर्फी असू शकत नाही. जागा घेणाऱ्यानेही घरमालकाची खात्री करून घेतली पाहिजे. ग्रामपंचायतीतील नमुना ८ चा उतारा, शहरात मिळकत पत्रिका किंवा कराची पावती पाहून जागा देणारा खरोखरच मालक आहे याची खातरजमा करावी. अनामत व भाडे शक्यतो बँकेमार्फत द्यावे आणि रोख दिल्यास पावती घ्यावी. जागा ताब्यात घेताना दारे, खिडक्या, नळ, दिवे, रंग यांच्या स्थितीची यादी करून तीवर दोघांनी सह्या कराव्यात व वीजमापकाचा आकडा लिहून ठेवावा. अनामतीवरून होणारी बहुतेक भांडणे अशा एका पानाच्या यादीने मिटतात.

घरमालकाने जी कागदपत्रे घेतली ती विश्वासाने त्याच्या हाती दिलेली असतात. प्रतींवर "केवळ भाडेकरारासाठी" असे लिहून तारीख घालावी, त्या इतरांस दाखवू नयेत आणि ज्यांना जागा दिली नाही त्यांची कागदपत्रे परत करावीत. वाद झाला तरी पाणी किंवा वीज तोडणे, कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे असे मार्ग घरमालकाने कदापि अवलंबू नयेत. त्यामुळे त्याची न्याय्य बाजूही दुबळी होते. केंद्र शासनाने २०२१ साली राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श भाडेकरूविषयक अधिनियमात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये, असे सुचविले आहे. तो नमुना राज्यांवर आपोआप बंधनकारक नसला, तरी अनामत ठरविताना घरमालकांनी तो नजरेपुढे ठेवण्यास हरकत नाही.

गावाचे कार्य

या कामी पंचायतीचे सभासद व शिक्षक यांना बरेच काही करता येण्यासारखे आहे. गावातील रिकाम्या व भाड्याने देण्याजोग्या जागांची यादी ग्रामपंचायतीत ठेवता येईल. कराराचा नमुना, चौकशीच्या प्रश्नांचा कागद आणि वस्तूंच्या यादीचा नमुना सूचना फलकावर लावता येईल. नोंदणी कशी करावी हे गावातील संगणक जाणणाऱ्या तरुणांनी वडीलधाऱ्या घरमालकांना दाखवावे. कोणाला जातीच्या कारणावरून जागा नाकारली जात असेल, तर सभासदांनी त्याकडे डोळेझाक करू नये.

रात्री-अपरात्री गरज पडणारी परिचारिका गावात राहावी, शिक्षकाने शाळा सुटताच शेवटच्या एसटीकडे धाव घेऊ नये, अशी अपेक्षा प्रत्येक गाव करते. परंतु कर्मचाऱ्याने गावात राहावे असे म्हणणाऱ्या गावाने त्याला राहण्यास जागाही दिली पाहिजे. घरमालकाची भीती व कर्मचाऱ्याची अडचण या दोहोंवर थोडी चौकशी, एक नोंदणीकृत करार आणि माणसाची पारख त्याच्या वागण्यावरून करण्याची सवय एवढे साधे उपाय आहेत. ते योजले गेले तर कुलूपबंद खोल्यांत दिवा लागेल आणि त्याचा लाभ घरमालकाइतकाच साऱ्या गावाला होईल.